एका पानावरचे पाच सेल

१

"उभा बैल समद्यांलाच चांगला दिसतो, पोरी. जुंपल्याबिगर पारख न्हाई."

प्रभावतीच्या वडिलांचा, आबांचा, हा आवाज. प्रभावती तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. घड्याळदुरुस्तीच्या टेबलाखाली बसून निसटलेले स्क्रू वेचायची. आबा एखादा नवाकोरा सेल चिमट्यात धरायचे आणि गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी सांगायचे मात्र तिला. आबांना जाऊन अठरा वर्षं झाली. कुंभार पिंपळगावच्या बाजारगल्लीतलं दुकान तेच राहिलं, टेबल तेच, डोळ्याला लावायचं भिंगही तेच. नवरा वारल्यावर प्रभावती त्या टेबलापाशी बसली ती बसलीच. पंचक्रोशीत कुणाच्या मनगटावरची वेळ थांबली की ती तिच्याकडं येते.

त्या दुपारी आली ती रूपाली. तिच्या हातात घड्याळ नव्हतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, डोळे कोरडे. रडून रडून विहीर आटावी तसे कोरडे.

तिचे सासरे साहेबराव वारून आठ दिवस झाले होते. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. साहेबराव म्हणजे गावचे जुने पोस्टमन. अकरा वर्षांपासून साखरेचा आजार, रोज पोटात इन्सुलिनची सुई. जायच्या आदल्या दिवशी एका लग्नात त्यांनी दोन जिलेब्या खाल्लेल्या अर्ध्या गावानं पाहिल्या होत्या. पहाट सरता सरता अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं, जिलेबी बाधली, साखर चढली. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की साखर मोजायच्या मशीनवर रक्ताचा थेंब तपासल्याशिवाय काही द्यायचं नाही. आणि मशीनचा सेल तर आदल्या संध्याकाळीच संपलेला.

घरात नवे सेल होते, आठ आण्याएवढे चपटे, चकचकीत. रूपालीनं एकापाठोपाठ एक चार घालून पाहिले. दर वेळी पडदा उजळायचा आणि पट्टी खुपसली की विझायचा. त्यात पाऊण तास गेला. गाडी करून दवाखान्यात नेलं तेव्हा थोडी धुगधुगी होती. साखर चढलेली नव्हती, उतरली होती. सव्वीस, जिथं सत्तरच्या खालीच धोका. डॉक्टर सुई भरता भरता म्हणाले की घरी मूठभर साखर तोंडात घातली असती तरी चाललं असतं. सुई भरून व्हायच्या आत सगळं संपलं.

सेल रूपालीनं ऑनलाइन मागवले होते. थोरला दीर तातेराव याचं घराच्या ओसरीतच जनरल स्टोअर. त्याच्या दुकानात तसले सेल टांगलेले असताना हिनं मोबाईलवर स्वस्तातले मागवले. तेराव्याचं जेवण उरकलं की भावकी बसणार होती. रूपालीला शहागडला, माहेरी, कायमची पाठवायची आणि वर पोलिसांत अर्ज द्यायचा, असं तातेरावानं सगळ्यांच्या कानावर घातलं होतं.

प्रभावतीला वाटलं, ही आता म्हणेल की मला वाचवा. रूपाली तसं म्हणाली नाही.

"मावशी, मला एवढंच पाहून सांगा, सेल खराब होते का. असतील तर मीच जाते. माझ्या हातानं मामा गेले असतील तर त्या घरात मी कशी राहू?"

२

दुसऱ्या दिवशी प्रभावती भेटायला म्हणून त्या घरी गेली. सुतकाच्या घरी कुणी कुणाला अडवत नाही. पदराखाली पिशवी होती आणि पिशवीत आबांचं भिंग आणि दुकानातलं थोडं सामान.

ओसरीत दुकान अर्धं उघडं होतं. तातेराव भिंतीला टेकून बसला होता. डोकं भादरलेलं, बापाच्या आठवणीनं चेहरा ओढलेला. प्रभावतीनं मनात नोंदवलं की याचं दुःख खरं आहे. खऱ्या दुःखाला कुणीतरी गुन्हेगार लागतोच.

आत साळूबाई, साहेबरावांची बायको, कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. नवव्या दिवशीही ती कुणाशी बोललेली नव्हती. सून भाकर पुढं ठेवायची, सासू तिच्याकडं न पाहता दोन घास खायची. बायका म्हणत, धक्क्यानं वाचा बसली.

प्रभावतीनं सेल पाहायला मागितले तसा तातेराव उठला आणि कपाटातून मशीन अन् चार पुड्या घेऊन आला. एकेक सेल वेगळ्या कागदात बांधलेला. पुरावा आहे, म्हणाला, त्याच दिवशी बांधून ठेवलाय. पण त्याच्या आवाजात कालची आग नव्हती. वेगळंच काहीतरी होतं, थंड आणि जास्त वाईट.

सकाळीच त्यानं वसंताला बोलावलं होतं. वसंता हा गावातला जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरणारा, वायरिंग करणारा. त्यानं मीटर लावून चारही सेल मोजले होते. दोन पूर्णांक आठ, दोन पूर्णांक नऊ. नवा सेल तीनाचा असतो.

"सेल चांगले हैत, प्रभाताई," तातेराव म्हणाला. "भरलेले हैत. मी उगं सस्त्या मालाला नावं ठेवून राह्यलो होतो. मंग मला सांगा, सेल भरलेले, मशीन चांगली, अन् घालणारी ही एकटी. मशीन कामून लागली न्हाई?"

दाराआड रूपालीच्या हातातला तांब्या खाली टेकला, तेवढाच आवाज झाला. कालपर्यंत तिच्यावर निष्काळजीपणाचा आळ होता. एका रात्रीत तो खुनाचा झाला.

३

प्रभावतीनं वसंताला परत बोलावून घेतलं. तो मीटर घेऊन आला आणि जरा ऐटीतच बसला. बाईमाणूस आपलं मोजमाप तपासणार, याचं त्याला हसू आलेलं दिसत होतं.

तिनं आधी नुसते डोळ्यांनी सेल पाहिले. नकली सेलाची अक्षरं फिसकटलेली असतात, बोट फिरवलं तर नुसती शाई लागते. याची अक्षरं पत्र्यात दाबलेली होती. कडेची चकती सगळीकडून सारखी बसलेली. तळहातावर तोलला तर वजनालाही बराबर. चारही सेलांवर एकच तारीखखूण. माल खोटा नव्हता, असं ती म्हणाली. तातेरावानं मान डोलावली. त्याला तेच हवं होतं.

मग तिनं वसंताला मोजायला सांगितलं. काटा दोन पूर्णांक आठवर गेला. वसंतानं सगळ्यांकडं पाहिलं.

"बैल उभाय," प्रभावती म्हणाली. "आता जुंपून पाहू."

पिशवीतून तिनं एक बारका रेझिस्टर काढला, सेलावर ओझं टाकणारा, ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन्हीकडं तारा असलेला. सेलाच्या दोन्ही बाजूंना तारा टेकवल्या आणि वसंताला म्हणाली, आता वाच. वसंता वाचायला लागला. दोन पूर्णांक दोन. एक पूर्णांक सात. एक पूर्णांक एक. त्याचा आवाज आकड्यांबरोबर उतरत गेला. चारही सेल तसेच. काम पडलं की गुडघे टेकणारे. मशीनचा पडदा उजळायला घोटभर ताकद लागते, थेंब तपासायला ओंजळभर. यांच्यात घोटच उरला होता. संपलेला सेल काही दिवस पडून राहिला की मीटरवर खोटी उभारी दाखवतो, हे तिनं वसंताला हळूच समजावलं. त्यानं मीटर पिशवीत घातला आणि म्हणाला, "आपण तं मोटारीवालेच बरे."

तातेराव मात्र सावरून बसला. म्हणजे सेल रिकामेच होते, स्वस्तातला शिळा माल, आपण आधी म्हणत होतो तेच खरं.

प्रभावतीनं त्याच्या दुकानात टांगलेलं, पुठ्ठ्यावर सेल बसवलेलं एक पान मागितलं. उन्हानं त्याचा रंग उडून गेला होता. तीन सेल जुंपले. एकानं तग धरला, दोघांनी मान टाकली. तातेरावानं ते पान परत खुंटीला लावलं नाही, उलटं करून फळीखाली ठेवलं.

पण त्यानं रूपाली सुटत नव्हती. दिराचा माल वाईट निघाला म्हणून तिचा चांगला ठरत नाही. ती दारात आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. खोट्या मोजमापावर आलेला खुनाचा आळ गेला होता आणि खऱ्या मोजमापानं तिची भीती खरी ठरवली होती. सेल खराब होते. ती आत वळली, कपड्यांची पिशवी भरायला.

"थांब," प्रभावती म्हणाली. "एका पानावर किती सेल असतात?"

पाच, रूपाली म्हणाली.

चार इथं होते.

४

पाचवा सेल सुयशपाशी निघाला.

सुयश रूपालीचा नवरा. जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत कारकून, दर शनिवारी येणारा. बाप गेल्यापासून तो घरातच होता, पण असून नसल्यासारखा. भाऊ बायकोला बोलत होता तेव्हा हा न्हाणीच्या भिंतीकडं पाहत उभा राहायचा. प्रभावतीनं विचारलं तेव्हा त्यानं खिशातून जुन्या गाडीची किल्ली काढली, बटण दाबून कुलूप उघडणारी. अडीच महिन्यांपूर्वी टपाल आलं त्याच दिवशी त्यानं पानावरचा पहिला सेल फाडून किल्लीत घातला होता. हे त्यानं आजवर सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणाला.

"बायकोवर आळ आल्यावर विचारायची वाट पाहत बसला व्हय रे," प्रभावती म्हणाली, आणि किल्ली उघडली.

तीच तारीखखूण, तीच दाबलेली अक्षरं. तिनं सेल जुंपला. वसंता जायला निघाला होता, त्यानं मीटर परत काढून लावला. काटा तीनाच्या खाली केसभर सरला आणि तिथंच उभा राहिला. तिनं मनात साठ आकडे मोजले. बैल हलला नाही.

पाच भाऊ एकाच दिवशी एकाच पानावर आले. एक अडीच महिने राबून अजून धडधाकट, आणि ज्यांनी काहीच काम केलं नाही ते चौघे मेलेले. माल शिळा असता तर पाचही मेले असते. तातेरावानं आपले जुने सेल मध्ये घातले म्हणावं, तर खुणा जुळल्या नसत्या. पुड्यांत संपले म्हणावं, तर ते त्याच सकाळी चालले नव्हते, चौघेही. म्हणजे दोष विकणाऱ्याचा नव्हता, मागवणारीचाही नव्हता. पानावरून उतरल्यापासून मशीनमध्ये जाईपर्यंत हे चौघं कुठंतरी होते. तिथंच त्यांचा जीव गेला.

तिनं रूपालीला विचारलं, पान कुठं ठेवलं होतंस. रूपालीनं देवळीतल्या देवापाशी ठेवलं होतं. त्या सकाळी ती मशीन उघडून बसली होती आणि तिनं आतूनच हाक मारली होती, सेल द्या म्हणून. आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, आणून दिले.

"पानासकट?"

रूपालीनं डोळे मिटून आठवलं. "न्हाई. सुटे. ओंजळीत."

प्रभावतीनं भिंग डोळ्याला लावलं आणि सेलाची कड उजेडाकडं धरली. कडेला बारीक काळे ठिपके होते, ठिणगी चाटून गेल्यासारखे. आणि कडेच्या खाचेत, जिथं रुमाल पोचत नाही तिथं, एक लाल कण.

भिंग न काढताच तिनं विचारलं की साळूआक्कांना एकटीला भेटता येईल का.

५

लहानपणी शेजारच्या जात्यावर एक ओवी असायची. प्रभावतीला ती उगाच आठवली, किंवा उगाच नाही.

*कुंकवाचा करंडा । माझ्या देवळीच्या आत ।*
*धन्याच्या आवुक्षाची । गाठ त्याच्या झाकणात ॥*

नवरा गेला की बाईचा करंडा डोळ्यांआड होतो. कुणी नदीत सोडतं, कुणी पुरतं, कुणी फडक्यात बांधून अशा जागी ठेवतं जिथं कुणाचा हात जात नाही. म्हणून या घरात नऊ दिवस सगळ्यांनी सगळं उपसलं, पण ती एक वस्तू कुणी शोधली नाही. नसलेल्या वस्तूकडं पाहणं अशुभ. प्रभावतीचा स्वतःचा करंडा घड्याळांच्या मेलेल्या यंत्रांखाली होता, नऊ वर्षं. तिला ठाऊक होतं कुठं विचारायचं.

ती साळूबाईशेजारी घोंगडीवर बसली. सेलांचं नाव काढलं नाही. "आक्का, करंडा कुठं ठेवला?" एवढंच म्हणाली.

साळूबाईचं कपाळ उघडं होतं. पन्नास वर्षांच्या कुंकवाखालची कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा उजळ दिसत होती. तिनं मान वर केली. मग हात लांब करून ज्वारीच्या कणगीमागून एक पांढरं गाठोडं ओढलं.

पितळी करंडा, दोन मजली. वर कुंकू, खाली मेणाचा खण. कुंकवाखाली मेण लावायची रीत गेली तसा खालचा खण रिकामाच असतो. प्रभावतीनं तो उघडला. पितळेवर चार-पाच ठिकाणी तसेच काळे ठिपके होते, आणि वरून झिरपलेल्या कुंकवाचा पातळ थर.

तिनं हळू आवाजात समजावलं. सेलाची एक बाजू देणारी असते, एक घेणारी. पान म्हणजे नुसता पुठ्ठा नव्हे, त्या दोन बाजूंना एकमेकींपासून लांब ठेवणारी भिंत असते. पितळेच्या डबीत चार सेल सुटे टाकले की ते एकमेकांना आणि डबीला चिकटतात, आणि जवळ असलेलं सगळं आपसातच वाहून जातं.

साळूबाई ऐकत होती. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचे ओठ हलले. घरात उंदीर, पुठ्ठा कुरतडला तर सेल कुठं घरंगळतील कुणी सांगावं. कागदातली कुठलीच वस्तू तिनं जन्मात कागदात ठेवली नव्हती. आणि करंडा रोज सकाळी हाताला लागतो. "त्यांची चीज त्यांच्या कुंकवापाशी ठेवली. म्हणलं, इथून हरवणार न्हाई."

प्रभावतीनं करंड्याचं झाकण लावलं. ती म्हणाली, आक्का, यात तुमचा गुन्हा नाही. पानावर कुणी मराठीत लिहीत नाही आणि या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेराव्याला भावकीसमोर मी सांगेन. रूपालीवरचा आळ जाईल.

एवढं ऐकल्यावर माणूस रडतं, किंवा सुटल्यासारखा श्वास टाकतं. साळूबाईनं दोन्हीतलं काही केलं नाही. ती पुन्हा कोपऱ्याकडं वळली आणि तिच्या बोटांनी घोंगडीचा काठ आवळला.

प्रभावती दारापर्यंत गेली आणि तिथं थबकली. डबीत सेल मरतात हे साळूबाईला आत्ता, या क्षणी कळलं होतं. मग नऊ दिवस ही बाई कसली भीती धरून बसली होती? निर्दोष सून डोळ्यांदेखत भरडली जात असताना तिनं जे गिळून ठेवलं होतं, ते सेलांचं नव्हतंच.

६

तेराव्याची पंगत उठली. ओसरीत सतरंजीवर भावकी बसली, पंधरावीस माणसं. रूपाली चुलीपाशी होती, पिशवी भरून भिंतीला लावलेली.

प्रभावतीनं सेल पुन्हा जुंपून दाखवले, किल्लीतला आणि करंड्यातले. साळूबाईचं नाव घेताना तिनं आवाज खाली आणला.  एक म्हातारा म्हणाला की आमच्या घरी बी समदं डबीतच ऱ्हातं. दोघा-तिघांचे हात आपापल्या खिशाकडं, किल्ल्यांकडं गेले.

तातेराव खाली पाहत होता. मग उठला, चुलीपाशी गेला, रूपालीची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. माफी त्याला मागता आली नाही. दिरानं भावजयीची पिशवी उचलली, तेवढ्यावर भावकीनं समजून घेतलं. सुयश उभा होता तिथंच राहिला. रूपालीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, कुणाचीच चूक न्हाई, देवानंच बोलावलं. माणसं टोप्या शोधायला लागली.

प्रभावतीनं भिंग पिशवीत घातलं. तिला आणखी एक प्रश्न विचारता आला असता. तिनं विचारला नाही. सेलाला जुंपून पाहावं, माणसाला जुंपू नये, असं तिला वाटलं. ती फक्त आतल्या दाराकडं तोंड करून बसून राहिली. निघायची घाई तिनं केली नाही.

दारात साळूबाई उभी राहिली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा आपल्या पायांवर ओसरीपर्यंत आली होती. पांढरा पदर डोक्यावरून सरकला होता आणि तो सावरायचं तिला भान नव्हतं. माणसं टोप्या हातात धरून थांबली.

"कुणाची चूक न्हाई म्हणू नका," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण ओसरीभर पोचला.

रूपाली चुलीपासून उठली. सासू तिच्याकडं वळली, आणि पुढचं सगळं तिलाच सांगितलं. जणू बाकी कुणी तिथं नव्हतं.

"तू मशीनीपाशी होतीस, पोरी. तुला ऐकू आलं नसंल. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. जीभ जड झाल्ती, तरी मला नीट कळलं. साखर दे, म्हणले. तीनदा म्हणले. अकरा वर्षं तेच मागायचे, चोरून खायचे, खोट्या शपथा घ्यायचे. मला वाटलं, आज बी तसंच. साखरेचा डबा माझ्या हातापाशी होता. अन् मी म्हणले, आधी मशीन काय म्हणती ते पाहू."